पिवळं पुस्तक आणि जाडं पुस्तक

३ फेब्रुवारी

ताई,

सात वर्षांनी पत्र लिहिताना आधी तब्येत विचारायची असते. मी विचारणार नाही. तुझी तब्येत मला आत्याकडून कळते, माझी तुला कळते की नाही कोण जाणे. आत्या तुझं माझ्याकडे भरभरून सांगते, माझं तुझ्याकडे सांगते का ते तिलाच ठाऊक.

कामाचं लिहिते. आपल्या धाकट्यावर आता दोन पुस्तकं झाली. एक त्या वार्ताहराचं, पिवळ्या वेष्टनाचं, सात वर्षांपूर्वीचं. ज्याच्या प्रकाशनाला मी भर सभागृहात उठून ‘हिला विचारा, ही काय काय सांगत नाही ते!’ असं ओरडले होते आणि तू माझ्याशी बोलणं टाकलंस, ते. दुसरं त्या निवृत्त इन्स्पेक्टरचं, उशीला घेता येईल इतकं जाड. ते मागच्या पावसाळ्यानंतर आलं आणि हातोहात खपलं. आता त्याची दुसरी आवृत्ती निघतेय, आणि तिची प्रुफं तपासायला आमच्याच कचेरीत आलीत. माझ्याच टेबलावर. साहेबांना माहीत नाही की त्यातली ‘लहानी’ मीच. त्यांना माझ्याबद्दल एवढंच माहीत आहे की मी एकवीस वर्षांत एकदाही उशिरा आले नाही.

तर मी दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून वाचतेय. डाव्या हाताला पिवळं, उजव्या हाताला जाडं, मध्ये पेन्सिल. हसू येतं गं. पिवळ्यात धाकटा उंच, जाड्यात तो जेमतेम सव्वापाच फूट. एकात डोळे घारे, दुसऱ्यात काळे. दोघांनाही कोणी सांगितलं नाही की तो नेहमी कपडे इस्त्री करायच्या उंच स्टुलावर बसायचा, आणि आपण सगळे जमिनीवर. जमिनीवरून कोणीही उंचच दिसतं.

त्याला ‘धाकटा’ का म्हणायचे, यावरही दोघांचं जमत नाही. पिवळं म्हणतं, तो पाच भावंडांत शेवटचा. जाडं म्हणतं, ते तरुणपणी तुरुंगात पडलेलं नाव. आपल्याला तर त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आई आपल्याला घेऊन त्या धुलाईच्या कारखान्यात राहायला गेली तेव्हा मी चौदाची, तू अठराची, आणि तो पन्नाशीचा माणूस आपल्या दोघींना ताई म्हणाला. ‘मोठी ताई, लहान ताई, मी तुमचा सगळ्यांचा धाकटा. घरात धाकट्याला कोणी नाही म्हणत नाही.’ आणि खरंच कोणी म्हटलं नाही. चाळीस माणसं हॉटेलांच्या चादरी फुकट धूत राहिली, घरंदारं त्याच्या नावावर करून मोकळी झाली, आणि वर त्याचे लाड.

पिवळ्या पुस्तकात तू एकसष्ट पानांवर आहेस. मी मोजलं. मी चार पानांवर आहे, त्यातल्या एका पानावर चुकून, कारण तिथली ‘धाकटी बहीण’ म्हणजे स्वयंपाकिणीची बहीण आहे. तीन पानं, ताई. तीन वर्षांना तीन पानं. माझ्या पोटात दुखतं हे मी कबूल करते. तेव्हाही दुखत होतं.

उत्तराची घाई नाही.

लहानी


११ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती.

आज जाड्या पुस्तकाचं सोळावं प्रकरण तपासलं. तू वाचलं असशीलच. नसशील तर मीच सांगते, तेवढाच मला आनंद. त्यात मी आहे. चांगली बावीस पानं आहे. ‘सतरा वर्षांच्या या मुलीने जिवावर उदार होऊन पोलिसांना चिठ्ठी पाठवली.’ हे वाक्य मी प्रुफात तीनदा वाचलं. चूक एकही नव्हती, तरी वाचलं.

आणि त्याच प्रकरणात, वाळवणखोलीच्या दाराची कडी तू लावलीस असं आहे. आपल्या कारखान्यातल्या शिंपीणबाई आत असताना. त्या तिथून जिवंत बाहेर आल्या नाहीत.

पिवळ्या पुस्तकात चिठ्ठी पाठवणारी तू, आणि कडी लावणारं ‘कोणीतरी’. जाड्यात चिठ्ठीवाली मी आणि कडीवाली तू. लोक चक्रावून गेलेत. वाचनालयातल्या बाई परवा म्हणाल्या, ‘एक बहीण देवी आणि एक राक्षसीण एवढं नक्की, पण कुठली कोण?’ मी म्हटलं, ‘मला काय माहीत बाई, मी नुसत्या चुका काढते.’

गोंधळ वह्यांमुळे झालाय. बाहेरच्या कोणाला ते कळणारच नाही. शेवटच्या दोन महिन्यांत धाकट्यानं आतल्या गोटातल्या सहा जणांच्या जोड्या लावल्या होत्या, आठवतं? रोज जेवणानंतर दिवसभरात काय केलं त्याची वही लिहायची. पण आपली आपण नाही. तुझ्या नावाची वही मी लिहायची, माझ्या नावाची तू, आणि तीही ‘मी’ म्हणून. ‘मी आज तीनशे चादरी घड्या केल्या. मी आज मनात कंटाळले.’ जोडीदार सांगेल ते लिहायचं, आणि जोडीदार लपवेल तेही लिहायचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवताना तो स्टुलावर बसून एखादी वही वाचायला लावायचा. त्या सहा जणांतले दोघे वारले, एक परदेशात आहे, एक अजून धाकट्याला तुरुंगात पत्रं लिहितो आणि जगाशी बोलत नाही. उरलो आपण दोघी.

वार्ताहरानं तुझ्या वहीवरचं नाव बघितलं. आत लिहिलंय, ‘मी चादरींच्या गाडीवाल्याच्या हाती पोलिसांसाठी चिठ्ठी दिली.’ म्हणजे तू दिलीस. इन्स्पेक्टरला नावावर विश्वास नाही, तो अक्षरावर गेला. अक्षर माझं, म्हणजे चिठ्ठी मी दिली. माझ्या वहीत ‘मी कडी लावली’ आहे, तुझ्या अक्षरात. म्हणजे कडी तुझी. तज्ज्ञाचा दाखलाही जोडलाय, शिक्क्यासकट.

तो इन्स्पेक्टर माझ्याकडे आला होता. दोन्ही वह्यांची छायाचित्रं टेबलावर ठेवली. ‘हे अक्षर तुमचं का?’ मी म्हटलं, हो. ‘आणि हे?’ मी म्हटलं, ताईचं. त्यानं एवढंच विचारलं, मी एवढंच सांगितलं. मी खोटं एक अक्षर बोलले नाही. माणूस सभ्य होता, जाताना माझ्यासमोर वाकला. ताई, आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्यासमोर वाकलं.

लहानी


१७ फेब्रुवारी

ताई,

काल आत्या आली होती. चपला काढायच्या आधीच सुरू झाली.

‘तुला काही लाज? तिचं पाळणाघर बंद पडायची वेळ आलीय!’

मी म्हटलं, ‘मी काय केलं?’

‘तेच तर. तू काही करत नाहीस.’

तिनं सगळं सांगितलं. अकरा मुलं काढून नेली. भिंतीवर कोणीतरी कडीचं चित्र काढून ठेवलं. आता पालकांची समिती बसणार आहे, अठ्ठावीस तारखेला, तुला ठेवायचं की घालवायचं ते ठरवायला. आणि तू म्हणे मूग गिळून बसली आहेस. ‘ती कडी मी लावली नाही’ एवढं पाच शब्दांचं वाक्य तुझ्या तोंडून निघत नाही.

मला आधी काय वाटलं ते लिहिते, कारण तुझ्याशी तरी आता खोटं कशाला. मला वाटलं, बरं झालं. तुझ्यामागे पोरांचा घोळका, पोरांच्या आया तुला घरचं काय काय विचारायला येतात, रस्त्यात लोक थांबून बोलतात. माझ्याकडे कोण येतं? प्रुफं. मला वाटलं, जरा हिलाही कळू दे दाराबाहेर राहणं काय असतं. मग आत्यानं चहाचा कप तसाच ठेवला आणि म्हणाली, ‘ती तुला वाचवतेय, बये. एवढंही कळत नाही?’

मला राग आला. मी म्हटलं, ‘वाचवतेय? पिवळ्या पुस्तकात मला तीन पानांत गुंडाळलं तेव्हा कुठे गेली होती तिची माया?’

आत्या गेल्यावर मी वार्ताहराला फोन केला. आमच्या कचेरीच्या नावानं, दोन पुस्तकं ताडून बघतेय म्हणून. त्याला विचारलं, धाकट्या बहिणीबद्दल तुम्ही इतकं कमी का लिहिलंत? दुसरी वही तुम्ही बघितली नव्हती का?

तो म्हणाला, ‘बघितली होती. मोठ्या बहिणीची अट होती. लहानीचं काही छापणार नसाल तर बोलेन, नाहीतर उठा. तिच्याशिवाय पुस्तकच झालं नसतं. मी लहानीला काढून टाकलं.’

मी फोन ठेवला. मग बराच वेळ पेन्सिलीला टोक काढत बसले.

म्हणजे ज्या तीन पानांवरून मी सात वर्षं जळतेय, ती तूच मागून घेतली होतीस. आणि मी भर सभेत तुझी शोभा केली, तेव्हाही तू गप्प. ताई, तुझ्यावर रागवायची सोयसुद्धा तू ठेवत नाहीस. हे कोणाला सहन होईल?

लहानी


२२ फेब्रुवारी

ताई,

अजून सहा दिवस आहेत. सोळावं प्रकरण मी अडकवून ठेवलंय. साहेबांना सांगितलं, ‘मजकुरात शंका आहे.’ एकवीस वर्षांत मी पहिल्यांदा असं म्हटलं, म्हणून ते खुर्चीतून उठून माझ्या टेबलाशी आले. ‘कसली शंका?’ मी म्हटलं, ‘सांगते.’ अजून सांगितलेलं नाही.

समितीसमोर यायचं तर सगळं सांगावं लागेल. नुसतं ‘कडी मी लावली’ म्हणून भागणार नाही, लोक विचारतील शिंपीणबाई आत गेल्याच का. आधी तुला सांगते. तुला माहीत आहे, तरी माझ्या तोंडून तू ते ऐकलेलं नाहीस.

त्या आठवड्यात धाकट्यानं तुला स्टुलाशेजारी जागा दिली होती. मोठी ताई इथे बसेल. त्या जागेसाठी मी तीन वर्षं चादरी घासल्या होत्या. माझे हात बघ आणि तुझे बघ, असं मला वाटायचं. आई गेल्यावर शिंपीणबाईंनी आपल्याला पोटाशी धरलं तेव्हाही आधी तुला, मग मला. उसवलेला फ्रॉक माझा असला तरी त्या तुझ्याशी बोलत शिवायच्या. आणि तू? तुला ती जागा नकोच होती. दुपारी चादरींच्या ढिगाआड तू माझ्या कानात म्हणालीस, ‘मी आज गाडीवाल्याकडे चिठ्ठी दिलीय. परवापर्यंत आपण इथून सुटू. तयार रहा.’ केवढ्या आनंदानं सांगितलंस! जे मिळावं म्हणून मी मरत होते ते तू खरकट्यासारखं टाकून निघाली होतीस.

त्या संध्याकाळी मी तुझी वही लिहिली. तू मला सांगितलंस, ‘लिही, मी दोनशे चादरी घड्या केल्या.’ ते लिहिलं. मग तू लपवलेलंही लिहिलं.

दुसऱ्या दिवशी जेवताना त्यानं मला उभं केलं. ‘लहान ताई, आज मोठीची वही.’ मी चिठ्ठीची ओळ गाळू शकले असते. माझ्याच हातात वही होती, माझंच अक्षर. मी ती खणखणीत वाचली. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला ते आवडलं. हे लिहायला मला सव्वीस वर्षं लागली.

तुझा चेहरा मी बघितला नाही. शिंपीणबाई उठल्या. ताट बाजूला सरकवलं आणि म्हणाल्या, ‘ती चिठ्ठी माझी. पोरीला काही माहीत नाही, मी तिच्या नावावर घातलं.’ धाकटा हसला. कोणाचं का असेना, कोणीतरी आत जायला हवं होतं. दोघांनी त्यांना वाळवणखोलीत नेलं. मागून त्यानं मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाला, ‘लहान ताई, दार नुसतं ओढलंय. कडी तू घालून ये. कोणाला बोलू नकोस.’ मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, शेवटी मला काहीतरी दिलं.

कडीला त्याच दिवशी हिरवा रंग दिला होता. तो माझ्या बोटांना लागला. परत येऊन वह्या घेऊन बसलो तेव्हा तू माझी बोटं बघितलीस आणि विचारलंस. मी सांगितलं. तू लिहिलंस, ‘मी कडी लावली.’ खाली काही नाही. दोघींनाही वाटलं, नेहमीसारखं सकाळी काढतील. त्या रात्री वाळवणखोली तापवणारा बॉयलर बंद झालाच नाही. कोणाच्या हुकमानं, यावर दोन्ही पुस्तकांची दोन मतं आहेत. पहाटे पोलीस आले तेव्हा कडी त्यांनी काढली.

बाकी तुला माहीत आहे. मी अठ्ठावीसला येईन की नाही, ते मलाच माहीत नाही.

लहानी


२५ फेब्रुवारी

ताई,

साहेबांना सांगितलं. त्यांनी उठून दार लावून घेतलं. इन्स्पेक्टरलाही फोनवर वह्यांची रीत समजावली. तो आधी भडकला, ‘मी तुम्हाला सरळ विचारलं होतं!’ मी म्हटलं, ‘तुम्ही अक्षर विचारलं होतं.’ मग म्हणाला, ‘सोळावं प्रकरण पुन्हा लिहावं लागेल.’ माझी बावीस पानं गेली. खरं सांगते, जिवावर आलं.

मी येतेय.

लहानी


१ मार्च

ताई,

काल मी तुझ्या प्रश्नाचं उत्तर न देता निघून आले. म्हणून हे.

ती छोटी खोली, पोरांच्या बुटक्या खुर्च्या, त्यांत गुडघे वर करून बसलेले पालक. हसण्यासारखं होतं, पण कोणी हसलं नाही. मी उभी राहून सगळं वाचलं, वही वाचली होती तसंच. यावेळी मात्र मान कागदावरून वर केली नाही. तो चष्मेवाला बाप तुला म्हणाला, ‘बाई, तुम्ही इतके दिवस बोलला का नाहीत?’ आणि तू म्हणालीस, ‘ती सतरा वर्षांची होती.’ एवढंच. एक आई रडायला लागली. ती उठून तुझ्याकडे गेली, मग दुसरी गेली. सगळे तुझ्याभोवती. मी मध्येच उभी, हातात कागद. गुन्हा माझा, कबुली माझी, आणि गर्दी तुझ्याकडे. माझ्या पोटात दुखलं, ताई. त्या क्षणीसुद्धा. मी बदलले असं तुला वाटू नये म्हणून लिहिते.

मग दाराशी तू मला गाठलंस. मला वाटलं, आता मारशील. किंवा जवळ घेशील, ते त्याहून वाईट. तू यांतलं काहीच केलं नाहीस. तू माझी बाही धरून विचारलंस, ‘तू कडी लावलीस तेव्हा त्या आतून काही बोलल्या का?’

दोन्ही पुस्तकांत हे नाही. वहीत नाही. इन्स्पेक्टरनं विचारलं नाही, वार्ताहराला सुचलं नाही. सव्वीस वर्षांत एवढी एकच गोष्ट माझ्याकडे होती जी तुझ्याकडे नव्हती. ती मी कोणालाही दाखवली नाही. काल तू बाही धरलीस तेव्हासुद्धा मला वाटलं, नको, ही नको देऊ.

बोलल्या. कडीचा आवाज झाला तशा त्या दाराजवळ आल्या. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. दारातून म्हणाल्या, ‘मोठे, तूच आहेस ना बाहेर?’

आतल्या बाईलासुद्धा तूच हवी होतीस. माझा हात अजून कडीवर होता. ती मी काढू शकले असते. मी म्हटलं, ‘हो, मीच.’ तुझ्यासारखा आवाज काढून म्हटलं. मला तो चांगला जमायचा.

त्या म्हणाल्या, ‘मग मला काळजी नाही. तू जा, जेवून घे.’

लहानी